सायकलवाले किर्लोस्कर

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पंप. नाहीतर डिझेल इंजिन. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्युगल पंपाची रीडिंग्ज घेऊन (किंवा मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवून!) आपण मोकळे होतो. तो पंप ज्या घराण्याच्या नावाने ओळखला जातो त्यातल्या पहिल्या माणसाने पंपाच्या कितीतरी आधी सायकली विकल्या होत्या, आणि त्याच्याही आधी त्याला चित्रकार व्हायचं होतं, हे मला सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट माहीत नव्हती, ती तर घरचीच. मी खारेपाटणची. मुंबईहून गोव्याला निघालात आणि राजापूर मागे टाकलंत की सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरताना खाडीवरचा पूल लागतो, तेच आमचं गाव. एके काळी इथे गलबतं लागायची आणि माल इथून घाट चढायचा. शिलाहार राजा रट्टराजाचा इ.स. १००८ चा ताम्रपट इथेच सापडला. हे आम्हाला शाळेत असल्यापासून पाठ. पण आमच्याच जिल्ह्यात, मालवण तालुक्यात, किर्लोस नावाचं गाव आहे आणि किर्लोस्कर हे आडनाव त्या गावावरून आलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कॉन्व्हेंटची, एडिसन आणि राइट बंधू आम्हाला पानंच्या पानं होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना एक ओळसुद्धा नव्हती. तेव्हा हा लेख म्हणजे थोडी परतफेड समजा. मराठी कुठे इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या.

किर्लोस्कर मंडळी पुढे घाटावर गेली आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला स्थायिक झाली. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, तोही इथलाच. वडील काशीनाथपंत वेदांताचे अभ्यासक. अशा घरात मुलाने चार पुस्तकं पाठ करावीत, सरकारी नोकरी धरावी ही साधी अपेक्षा. लक्ष्मणचं मन पुस्तकात नव्हतं. त्याला दोन गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. दोन्ही गोष्टींनी पोट भरत नाही असं त्या काळी मानायचे. (आमच्या घरी अजून मानतात. पहिल्या गोष्टीबद्दल तरी.)

इथे या कथेत रामूअण्णा येतात. लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामचंद्र. मला स्वतःला या सगळ्या चरित्रात सगळ्यात जास्त आवडलेला माणूस हाच आहे, आणि आपण भाषणांत नेमकं यालाच विसरतो. धाकट्या भावाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायला ते पाठीशी उभे राहिले. साल १८८५, लक्ष्मण सोळा वर्षांचा.

जे. जे. मध्ये काही काळ गेल्यावर लक्षात आलं की या मुलाला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपण, अंशतः. चित्रकाराला याहून वाईट बातमी नसेल. आपल्याकडे एखाद्याची ब्रँच बदलली तरी तो सेमिस्टरभर तोंड पाडून बसतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, लागते ती फक्त नजर आणि हात. त्यातच त्यांनी इतकी तयारी केली की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तिथे, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला ते मास्तर म्हणून लागले. फर्स्ट इयरला प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू काढताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, की हा माणूस ड्रॉइंगच्या मागच्या दाराने इंजिनिअर झाला. डिग्री नव्हतीच. शिकवून झालं की संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचं, यंत्रं चालवायची, इंग्रजी यांत्रिक मासिकं वाचायची. शिक्षण ते एवढंच.

आता सायकल. आणि इथे मला जरा थांबावं लागेल, कारण मी हे चरित्र हातात घेतलं ते सायकलमुळेच. खरं तर पाइपमुळे.

झालं असं, आमची टीम यंदा बाहाची गाडी करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून स्वतः बनवायची एकसीटर गाडी, खडकांतून, चिखलातून चालवायची. आपल्या देशात ही स्पर्धा २००७ पासून होते. गाडी उलटली तर आतल्या माणसाचं डोकं वाचवायला नळ्यांचा सांगाडा असतो, तो रोल केज. नियम सांगतो की मुख्य नळी २५.४ मिमी बाहेरच्या व्यासाची आणि ३ मिमी जाडीची पोलादी हवी, त्यात कार्बन कमीत कमी ०.१८ टक्के हवा, किंवा मग वाकण्याला तेवढाच दाद न देणारी दुसरी नळी. हेल्मेट आणि केज यांच्यात सहा इंच मोकळे हवेत. ड्रायव्हर मी आहे. माझं वजन टीममध्ये सगळ्यात कमी, हे कारण. म्हणजे ती नळी नीट वाकली आहे की नाही, या प्रश्नात माझा इंटरेस्ट जरा वैयक्तिक आहे.

टीममध्ये सरळ दोन गट पडले. एक म्हणतो नळ्या पुण्याला पाठवा, सीएनसी बेंडिंग करून आणा, कटकट नको. दुसरा म्हणतो आपल्या वर्कशॉपमध्ये डाय बनवू, आपणच वाकवू. भांडण लेडीज होस्टेलच्या गेटपर्यंत आलं, तिथे वॉचमनकाकांनी साडेनऊला संपवलं.

मी दुसऱ्या गटात. तर लक्ष्मणरावांकडे परत येते. १८८८ साल. सायकल तेव्हा किती नवी होती बघा : दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी सेफ्टी सायकल इंग्लंडात स्टार्ली यांनी १८८५ ला आणली, आणि डनलॉपने हवेचा टायर काढला तो याच १८८८ मध्ये. मुंबईत लक्ष्मणरावांनी ही चीज पाहिली, स्वतः शिकले आणि बेळगावला रामूअण्णांना कळवलं. दोघांनी मिळून बेळगावला सायकलींचं दुकान टाकलं. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हापासूनचं. धाकटा मुंबईत नोकरी सांभाळून सायकली विकत घेऊन पाठवणार, थोरला बेळगावला विकणार. किंमत सातशे ते हजार रुपये! त्या काळात ही रक्कम म्हणजे काय असेल याचा अंदाज करा. एवढे पैसे देऊन गिऱ्हाईक घेणार आणि पहिल्या वळणावर पडणार, म्हणून रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवायचे. मला हे दृश्य फार आवडतं, बेळगावच्या मातीच्या रस्त्यावर कुणी मोठा वकील किंवा सावकार सायकलवर थरथरतोय आणि मागे सीट धरून रामूअण्णा पळतायत. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

सायकल म्हणजे काय, पोलादी नळी. तीच पातळ, पोकळ नळी, जी आपण केजला वापरतो. पूर्वीच्या नळ्या पट्टी गुंडाळून जोड मारलेल्या असायच्या. बिनजोड नळी लाटून काढायची पद्धत जर्मनीत मानेसमान बंधूंनी १८८५ मध्ये शोधली, आणि सायकलींची जी लाट आली तिने चांगल्या नळीला गिऱ्हाईक मिळवून दिलं. सायकलचं हँडल म्हणजे थंड वाकवलेली नळी. पुढे १९२५ मध्ये मार्सेल ब्रॉयर नावाच्या डिझायनरला सायकलच्या हँडलवरूनच वाकवलेल्या नळीची खुर्ची सुचली, आज आपल्या कँटीनमध्ये ज्या खुर्च्या आहेत त्यांची ती आजी. सांगायचा मुद्दा हा की १८८८ मध्ये बेळगावातला एक दुकानदार आणि त्याचा ड्रॉइंग मास्तर भाऊ जगातल्या सगळ्यात नव्या यंत्राचा धंदा करत होते, आणि सायकल विकली की दुरुस्ती आलीच. पोकळ पोलाद कसं वागतं हे ज्याला शिकायचं त्याला सायकलच्या दुकानासारखी शाळा नाही.

कसं वागतं ते थोडक्यात सांगते, थर्ड इयरच्या सॉलिड मेकॅनिक्सलाही कामाला येईल. नळी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. व्यासाच्या तिप्पट त्रिज्येत वाकवायची म्हटलं, म्हणजे आपल्या नळीला साधारण ७६ मिमी, तर बाहेरच्या बाजूला सोळा-सतरा टक्के ताण येतो आणि ३ मिमीची भिंत २.६ मिमीच्या आसपास उतरते. आतल्या बाजूला सुरकुत्या पडायला बघतात. आणि मधे नळी चपटी व्हायला बघते, गोलाचा अंडाकार होतो. चपटी झाली की तिची ताकद गेली, कारण नळीची सगळी ताकद तिच्या गोलपणात आणि आसापासून लांब असलेल्या धातूत आहे. शिवाय सोडल्यावर ती काही अंश परत उघडते. म्हणून नव्वद हवे असतील तर थोडं पुढे न्यायचं.

नळ घालणाऱ्यांकडे जो हायड्रॉलिक बेंडर असतो तो आपल्या कामाचा नाही, आणि अर्ध्या टीम्स इथेच फसतात. पाण्याच्या पाइपचा इंच हा आतल्या भोकाचा नावापुरता इंच. एक इंची पाइप बाहेरून ३३.७ मिमी भरतो, पाऊण इंची २६.९. त्या खोबणीत आपली २५.४ ची नळी सैल बसते, बाजूने आधार नाही, मधून रेटा, आणि नळी बसते मटकन. खोबण नळीला अंगाबरोबर बसेल अशी, १२.७ मिमी त्रिज्येची, लेथवर काढून घ्यावी लागते आणि नळी तिच्याभोवती गुंडाळावी लागते. दाबून मोडायची नसते.

खारेपाटणला माझ्या मामाचं हायवेला लागून ग्रिलचं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथेच पडीक होते. मामा ट्रकच्या जुन्या रिमभोवती नळी वाकवतो, आणि आत वाळू भरतो. वाळू खाडीची, म्हणून आधी ती लोखंडी घमेल्यात घालून पार कोरडी भाजायची. ओली वाळू भरून, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून जर कोणी नळी तापवली तर आत वाफ होते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. मामाने मला नळीच्या टोकासमोर उभं राहूच दिलं नाही, आधी बाजूला केलं, मग कारण सांगितलं. भरताना नळी उभी धरून हातोडीने टकटक वाजवत राहायचं, आवाज बद्द येईपर्यंत. ही विद्या कुठल्या सिलॅबसमध्ये नाही. केजसाठी मात्र आम्ही तापवणार नाही. थंडच वाकवणार, जोड असलेली नळी असेल तर जोड ताणाच्या बाजूला येऊ देणार नाही, आणि गाडीला लावायच्या आधी एक बाक करवतीने उभा कापून व्हर्नियरने भिंत मोजणार. त्या कापलेल्या तुकड्यात जे दिसेल त्यावर पुण्याला जायचं की नाही ते ठरेल. मीसुद्धा ते मान्य केलंय.

असो. फार लांब गेले.

लक्ष्मणराव व्हीजेटीआयमध्ये रमले होते. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि थेट बेळगाव गाठलं. हा राजीनामा आपण भाषणात टाळ्यांसाठी वापरतो. मला वाटतं टाळ्यांच्या आधी दोन गोष्टी बघायला हव्यात. एक म्हणजे तोपर्यंत नऊ वर्षं दुकान चालू होतं, रामूअण्णांनी ते चालवलं होतं, म्हणजे उडी मारली ती खाली जाळी बघून. दुसरी म्हणजे त्यांना विकण्यात रस नव्हता, बनवण्यात होता. सायकल दुसऱ्याची. ती आणून विकणं म्हणजे शेवटी दलाली. त्यांना स्वतःचं काहीतरी ओतायचं, कातायचं होतं.

छोटा कारखाना काढला आणि पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. आजूबाजूला सगळी शेती, गिऱ्हाईक शेतकरीच. मग लोखंडी नांगर. विलायती नांगर बघून, त्याचा अभ्यास करून, १९०३ च्या सुमारास त्यांनी आपला नांगर उतरवला. आणि तो खपेना. शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमिनीत विष उतरतं. लाकडी नांगर बापजाद्यांचा, गावचा सुतार बलुत्यात करून देतो, त्याला रोकडा लागत नाही. मग हा बिडाचा जड राक्षस कशाला घ्या? पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली.

इथे आपण शेतकऱ्याला हसतो, ते मला पटत नाही. विषाचा समज चुकीचा होता हे खरंच. पण नव्या यंत्राबद्दल शंका घेणं हा काही अडाणीपणा नव्हे. फाळ नुसत्या बिडाचा केला तर दगडाला लागून तुटतो, मऊ लोखंडाचा केला तर झिजून जातो, आणि तुटला तर गावच्या लोहाराकडे त्याचा जोड भाग नाही. एका हंगामात नांगर अडला तर वर्ष गेलं. ज्याची जमीन पणाला लागलीय त्याने दोन वर्षं थांबून बघितलं, एवढंच. मीसुद्धा केजमध्ये बसायच्या आधी कापलेला तुकडा बघायला मागते आहे, त्यात आणि यात मला फार फरक दिसत नाही. लक्ष्मणरावांची कमाल ही की त्या दोन वर्षांत त्यांनी शेतकऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, नांगर सुधारला.

नांगर जेमतेम चालू लागला आणि दुसरं संकट. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत वसवायची होती, त्यात कारखान्याची जागा गेली. कारखाना उचला! लेथ, भट्टी, साचे, माणसं, सगळं घेऊन जायचं कुठे? अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. आत्ताचा सांगली जिल्हा, पलूस तालुका. जमीन म्हणजे काय, माळ, निवडुंग आणि साप. पाणी नाही, सावली नाही. एकच गोष्ट होती, रेल्वे. नांगर जड असतो, बैलगाडीने किती लांब जाणार? या दृष्टीने बघितलं तर ती जागा वाटते तेवढी वाईट नव्हती.

१० मार्च १९१० ला मुक्काम हलला. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं. लक्ष्मणरावांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखान्यांनी वसवलेल्या वसाहतींबद्दल वाचलं होतं, तसंच काहीतरी त्यांना इथे करायचं होतं. राहायची घरं, शाळा, बाग. निवडुंग उपटत उपटत किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आणि तिथली माणसं! मला तर वाटतं हे चरित्र लक्ष्मणरावांचं कमी आणि त्यांनी जमवलेल्या गोतावळ्याचं जास्त आहे. शंभूराव जांभेकर, कुठलंही यंत्र म्हणाल ते हाताळणारे. मंगेशराव रेगे, हिशेब बघणारे. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेला मुलगा, तो कल्पक इंजिनिअर निघाला. के. के. कुलकर्णी, शिक्षणात यश नाही, पण कुठेही पाठवा, काम करून येणार. आणि राखणीला कोण होते? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं. त्यांच्यावर विश्वास टाकला आणि त्यांनी तो राखला. आजच्या कॅम्पस प्लेसमेंटमध्ये यांच्यातला एकसुद्धा साठ टक्क्यांच्या क्रायटेरियात बसला नसता. लक्ष्मणराव स्वतःसुद्धा नाहीत.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा दंडक होता. १९१० च्या दशकातलं खेडं, आणि ब्राह्मण घरातला मालक, हे डोळ्यांसमोर आणा. ते कर्मकांड मानणारे नव्हते, देवधर्मापेक्षा माणसाच्या कामावर त्यांची भिस्त. सगळं काही एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही, दंडक आणि रोजचं वागणं यांत अंतर असतं हे आपल्याला आपल्या होस्टेलमध्येही दिसतं. पण मालकाने नियम करणं आणि तो उघडपणे करणं यालाही त्या काळात छाती लागत होती.

राजाच्या मदतीबद्दलही बोललं पाहिजे. शून्यातून विश्व वगैरे आपण म्हणतो. दहा हजार आणि ३२ एकर हे शून्य नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधी नसते तर बेळगावातून उचललेला कारखाना कदाचित भंगारात गेला असता. मला यात लक्ष्मणरावांचं काही कमी होतं असं वाटत नाही. उलट एखाद्या राजाला आपल्यावर पैसे लावावेसे वाटावेत, इतकं काम त्या माणसाच्या हातात आधीच दिसत होतं.

पहिलं महायुद्ध आलं. परदेशी माल यायचा बंद झाला, म्हणजे नांगराला मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसाही मिळेना. असलेल्यावर, मिळेल त्यावर भट्टी चालू ठेवावी लागली. त्यातून तगले. १५ जानेवारी १९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचं पत्रक म्हणून किर्लोस्कर खबर काढलं. त्याचं पुढे किर्लोस्कर मासिक झालं, १९३० मध्ये स्त्री निघालं, १९३४ मध्ये मनोहर. नांगराच्या जाहिरातीतून निघालेल्या मासिकांनी महाराष्ट्राला विधवाविवाहापासून अंधश्रद्धेपर्यंत कशाकशावर बोलायला लावलं, तो वेगळा लेख होईल. आपल्या या मासिकाचा अंक काढताना संपादक मंडळाची जी दमछाक होते ती बघता मला त्या शंकररावांबद्दल भारी आदर वाटतो.

नांगराच्या मागोमाग उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले, पुढे लोखंडी फर्निचरही. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये परतला. बाप डिग्रीशिवायचा, मुलगा एमआयटीचा, आणि दोघं एकाच कारखान्यात. खटके उडाले असतीलच, मला तर आमच्या घरावरून खात्री आहे. पण धंदा वाढला तो या दोघांमुळे. १९४१ ला हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली, मशीन टूल्ससाठी. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिन्स, बंगलोरला इलेक्ट्रिक मोटर. आपल्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यातलं हिरवं लेथ आहे ना, ज्याच्यावर आमचा डाय कातायचा विचार आहे, त्याच्या हेडस्टॉकवरची पाटी पुसून वाचा एकदा. हरिहर लिहिलंय.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले, ८७ वर्षांचे होऊन. जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, २० जून १९६९ ला, पोस्ट खात्याने त्यांचं तिकीट काढलं. मी सुट्टीहून परत येताना भुईबावडा घाट चढून कोल्हापूर, मग मिरज करत येते. मिरजेहून पुण्याच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात तर थोड्या वेळाने एक स्टेशन लागतं. लक्ष्मणराव सामान घेऊन उतरले तेव्हा त्याचं नाव कुंडल रोड होतं. आता पाटीवर किर्लोस्करवाडी आहे.